पान ११२-अ

दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. मी एका प्रबंधाच्या तळटीपा लावत बसले होते. पलीकडचा आवाज थकलेला होता, पण शब्द स्वच्छ. "ताई, २००४ साली तुम्ही आमचा कुलवृत्तांत केला होतात. ओळख लागते का?"

लगेच लागली नाही. मी पुण्यात घरातूनच डीटीपीचं काम करते, आणि इतक्या वर्षांत सात-आठ तरी कुलवृत्तांत माझ्या हातून गेले असतील. सगळ्यांत मूळ पुरुष कोकणातला, सगळ्यांत चार शाखा, सगळ्यांत आजोबांचं नाव नातवाला. मग ते म्हणाले, "माझी मंडळी तुमच्याकडे प्रुफं वाचायला यायची. राहाट या शब्दावरून तुमचं आणि तिचं वाजलं होतं." आणि मला काकू दिसल्याच. निळी इरकली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल शिसपेन्सिल. मी कोशाप्रमाणे 'रहाट' केलं होतं आणि त्या म्हणत होत्या, आमच्या आगरात जो फिरायचा तो राहाट होता, तुमच्या कोशाला काय ठाऊक!

काकांना छापील पुस्तक नको होतं, ते त्यांच्याकडे होतंच. त्यांना हवं होतं ते न छापलेलं दीड पान. लग्न होऊन सासरी आल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल काकूंनी लिहिलेलं. पुस्तक बारा फर्म्यांचं ठरलेलं, म्हणजे १९२ पानं, आणि मजकूर गेला १९५ वर. तीन पानांसाठी सोळा पानांचा आख्खा फर्मा वाढवायचा तर कागद, छपाई, बांधणी सगळंच वाढतं. संपादक मंडळानं कात्री घेतली आणि ज्यात वंशावळ नव्हती, सनावळी नव्हती, ते दीड पान आधी गेलं. "तेव्हा ती काही बोलली नाही," काका म्हणाले. "गेल्या वर्षी ती गेली. हस्तलिखित सापडत नाही. तुमच्याकडे असेल का हो?"

"असेल," मी म्हटलं. टाइप केलेलं मी कधी पुसत नाही. पण सापडेल, हे मात्र मी म्हणाले नाही.

जुन्या तीन संगणकांतलं सगळं मी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर भरून ठेवलं आहे. सव्वा लाख फाइली. ती जोडली, सर्चच्या चौकटीत देवनागरीत 'कुलवृत्तांत' लिहिलं आणि वाट पाहिली. हिरवी पट्टी सावकाश पुढे सरकत राहिली आणि शेवटी काहीच आलं नाही.

यात संगणकाची काही चूक नव्हती. २००४ मध्ये मी फाइलींना देवनागरी नावं देतच नव्हते. सगळी नावं इंग्रजी अक्षरांत, आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला लागलं की ज्याचा त्याचा हिशेब. 'व' साठी व्ही की डब्ल्यू, 'वृ' साठी व्हीआरयू की व्हीआरआय, 'त्त' साठी एक टी की दोन, शेवटी ए लावायचा की नाही. एकट्या कुलवृत्तांताची माझ्याच डिस्कवर मला पाच स्पेलिंगं सापडली. म्हणून आता मी पूर्ण शब्द कधीच टाइप करत नाही. शब्दाचा जो तुकडा चुकण्याची शक्यता सर्वांत कमी, तेवढाच टाकायचा. इथे तो तुकडा केयूएल, तीनच अक्षरं. त्याने 'कुलकर्णी' आणि 'गोकुळ'ही येतात, येऊ देत. नको ते डोळ्यांनी वगळता येतं, पण जे यादीतच आलं नाही त्याचा पत्ता कसा लागणार?

हे तुकड्यांचं शोधणं मी 'एव्हरीथिंग' नावाच्या छोट्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर करते. विंडोजवर काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो घालून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असलेलं एक मुख्य रजिस्टर असतं, मास्टर फाइल टेबल. एव्हरीथिंग फोल्डरमागून फोल्डर हिंडत बसत नाही, थेट ते रजिस्टर वाचतो. गावातल्या प्रत्येक घराचं दार ठोठावण्याऐवजी तलाठ्याचं दप्तर उघडावं तसं. त्यामुळे अक्षर दाबायचा अवकाश, यादी समोर. शब्दाच्या मधला तुकडाही तो धरतो. विंडोजच्या स्वतःच्या शोधाला शब्दाची सुरुवात लागते, मधल्या तुकड्याने तो सहसा हाती लागत नाही. तुकड्यांवर जगणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक फार मोठा आहे.

केयूएलने ४१ फाइली दिल्या. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या, वर्डच्या, मुखपृष्ठाच्या. पेजमेकरच्या बहुतेक शेवटच्या स्थितीतल्या, म्हणजे काकूंना वगळल्यानंतरच्या. मला त्याआधीचं काहीतरी हवं होतं.

आता तारखा. आणि तारखांनी मला पूर्वी फार फसवलं आहे. डिस्कवरच्या सगळ्या फाइलींवर 'क्रिएटेड' म्हणून २०११ सालातला एकच दिवस लिहिलेला दिसतो, कारण त्या दिवशी मी जुन्या संगणकावरून सगळं उचलून आणलं. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की 'क्रिएटेड' तारीख नकलेच्या दिवसाची पडते, पण 'मॉडिफाइड' तारीख मुळातलीच राहते. म्हणून जुन्या फाइलीत जन्म २०११ चा आणि शेवटची दुरुस्ती २००४ ची, असा उलटा प्रकार दिसतो. तो बिघाड नाही. जुनं शोधताना धरायची ती 'मॉडिफाइड' तारीख. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझे कितीतरी तास वाचले असते, म्हणून इथे सांगते.

पुस्तक दसऱ्याला प्रकाशित झालं होतं. म्हणजे कात्री लागली ती भाद्रपदात कधीतरी. मी ऑगस्ट-सप्टेंबर २००४ एवढाच काळ ठेवला आणि कुलवृत्तांताच्या फोल्डरमधल्या त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या वर्ड फाइली एकेक उघडल्या. प्रस्तावना, कुलदैवत, देणगीदारांची यादी. काकूंचं पान नाही. मग काकूंच्या नावाने सगळी डिस्क शोधली. चार-पाच तऱ्हांची स्पेलिंगं करून पाहिली. तरी नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा मी चहा केला आणि खिडकीत बसले. माझ्याकडे मोडी वाचणारे एक अभ्यासक लिप्यंतरं टाइप करायला देतात. त्यांची एक गोष्ट आठवली. पेशवे दफ्तरातले कागद फडक्यात बांधून ठेवतात आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या रुमालांतून निवडलेल्या कागदांचेच ४५ खंड झाले, यावरून मूळ ढीग केवढा असेल ते समजावं. आणि मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, एक रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. अशा कागदात शब्द शोधायला जाल तर डोळे जातील. ते अभ्यासक म्हणाले होते, आम्ही आधी काळ पाहतो. 'सीत सबैन मया व अलफ' दिसलं की सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन, त्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, ११७६, म्हणजे इसवी सनाचं १७७५-७६. एवढं कळलं की निम्मे रुमाल बाजूला होतात. आणि मग कागद कुणी, कुणाला, कशासाठी लिहिला असेल याचा विचार करायचा.

काळ मी पाहिला होता. कशासाठी याचा विचार केला नव्हता. मी काकांच्या बायकोचं पान शोधत होते. पण लिहिणारीने ते काय म्हणून लिहिलं होतं? आगर, पाट, शिपणं, राहाट. तो शब्दच शोधायला हवा होता, नावाच्या मागे लागण्यापेक्षा.

मात्र शब्द शोधायचा तर फाइलच्या पोटात शिरायला हवं, आणि मराठी फाइलींचं पोट ही वेगळीच कहाणी आहे. ज्यांनी २००५ च्या आधी मराठी टाइप केलंय त्यांना ती माहीत असेल. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, जे जे फॉन्ट तेव्हा आमच्या हातात होते, त्यांत अक्षराचा मराठीपणा फक्त दिसण्यात होता. फाइलमध्ये साठवली जायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा पोशाख चढवायचा. फॉन्ट काढा की खाली अर्थहीन कालवा. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. त्या फॉन्टांवर मी घर चालवलंय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्या काळातल्या फाइलीत युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीतलं, 'पाणी' शोधलं तर ते मिळणार नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे पाणी नाहीच.

विंडोजचा शोध किंवा मॅकवरचा 'स्पॉटलाइट' शोध मजकूर शोधतात ते आधी करून ठेवलेल्या सूचीतून. कुलवृत्तांताच्या शेवटी नामसूची असते ना, नाव आणि पुढे पानांचे आकडे, अगदी तशी: शब्द आणि तो ज्या फाइलींत आला त्यांची यादी. म्हणून उत्तर झटकन येतं. पण ही सूची करताना संगणकाला शब्द कुठे संपतो ते कळावं लागतं, आणि जुन्या फॉन्टांत स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्ह हीसुद्धा कुठल्या ना कुठल्या अक्षराच्या तुकड्याला दिलेली असतात. सूची करणारा तिथेच शब्द तोडतो. शिवाय विंडोजमध्ये बाहेरची डिस्क त्या सूचीत आपण मुद्दाम घातल्याशिवाय येतही नाही. म्हणून या कामाला सूची निरुपयोगी. फाइलमागून फाइल खरोखर वाचणारा शोध लागतो. तो मंद असतो, पण इथे मंद चालतो.

मग मी असं केलं. त्याच वर्षीची, त्याच फॉन्टमधली एक फाइल उघडली आणि त्यात जुन्या कीबोर्डने शब्द टाइप केला. कोणता? काकू म्हणत होत्या राहाट, मी म्हणत होते रहाट, आणि शेवटी कोण जिंकलं ते मला आठवत नव्हतं. दोन्हींत समान तुकडा 'हाट'. तो घेण्यात आणखी एक शहाणपण होतं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर, आणि एकाच वेलांटीचे आखूड-लांब दोन-तीन प्रकार असतात. 'विहीर' शोधायला गेले असते तर कोणत्या क्षणी कोणती वेलांटी दाबली होती याचा अंदाज बांधत बसावं लागलं असतं. ह, काना, ट यांत असलं काही नाही. जुन्या फॉन्टमध्ये शोधायचं तर साधी, बिनवेलांटीची, बिनजोडाक्षराची अक्षरं निवडावीत.

ती 'हाट' कॉपी करून एव्हरीथिंगच्या चौकटीत आणली. तिथे ती तीन-चार इंग्रजी अक्षरांची झाली. त्याच्या आधी कंटेंट हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे नावात न शोधता मजकुरात शोध. मेनूतून 'मॅच केस'ही चालू केलं, कारण जुन्या फॉन्टांत इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर ही दोन वेगळी मराठी अक्षरं असतात. आणि शोध फक्त २००४ मध्ये बदललेल्या वर्ड फाइलींपुरता ठेवला, पण सगळ्या डिस्कवर, एका फोल्डरमध्ये अडकून न राहता.

जेवून आले तोवर १९ फाइली आल्या होत्या. पहिल्या उघडल्या तर सगळ्यांत 'पहाट'. पहाटे निघाले, पहाटेचा गार वारा, रामप्रहरी पहाटे. मराठी माणूस पहाटेबद्दल किती लिहितो! बाराव्या फाइलीचं नाव एका बाईचं होतं, आडनाव मला अनोळखी. ती कुलवृत्तांताच्या फोल्डरमध्ये नव्हतीच. त्या दिवशी आलेली किरकोळ कामं मी जिथे टाकायचे, तिथे एका लग्नपत्रिकेच्या आणि एका अर्जाच्या मध्ये पडली होती. उघडली. पहिलीच ओळ: "पहाटे चारला राहाट सुरू व्हायचा."

राहाट. काकू जिंकल्या होत्या.

आणि तेव्हा ते अनोळखी नाव उलगडलं. काकूंनी कागदावर स्वतःचं माहेरचं नाव घातलं होतं. सासरच्या घराण्याच्या वृत्तांतासाठी लिहिलेल्या दीड पानावर, लग्नाआधीचं नाव. मी कागदावर होतं तेच फाइलला दिलं आणि विसरून गेले. कुलवृत्तांत करणाऱ्या कुणालाही विचारा, बायका शोधणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम असतं. लेक या घरातून जाते तेव्हा तिचं एक नाव संपतं, सून येते तेव्हा कित्येकदा पहिलं नावही बदलतं. काका ज्या नावाने तिला ओळखत होते त्या नावाने ती माझ्या डिस्कवर कुठेही नव्हती. मी दुपारपासून चुकीच्या बाईला हाका मारत होते.

तेव्हापासून मी फाइली ठेवण्याची रीत बदलली आहे. नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावानुसार लावलं तरी आपोआप काळानुसार लागतं. पण नावात सगळं मावत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत मी लिहिते: कुणाचं, कशाबद्दल, आणि बाई असेल तर दोन्ही नावं. अवघड शब्द दोन्ही तऱ्हांनी. युनिकोड आलं म्हणून हे सुटलं असं नाही. 'दुसऱ्या' मधला तो ऱ्य दोन रीतींनी टाइप होतो, एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारा जोडणारा संकेत. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात मात्र परके. 'ॲप' मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, त्याआधीचे सगळे अ वर चंद्र ठेवून लिहिलेले. आजही दोन्ही चालू आहेत. वर्ष मराठी आकड्यांत लिहिलं की इंग्रजी, यानेही फाइल सापडते किंवा हरवते. तुमच्या मराठी फाइली तुम्हाला सापडत नसतील तर तुमची आठवण कमी झाली असं समजून खंत करू नका. आधी त्या शब्दातला ऱ्य आणि ॲ टाळून, उरलेला तुकडा टाकून पाहा.

रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी मी काकांना फोन केला. जागेच होते. "सापडलं," म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचता का?"

मी वाचलं. पहाटे चारला सुरू होणारा राहाट, त्याची कुरकुर, लोटे पाण्यात बुडतानाचा गुडगुड आवाज. नवी सून माजघरात जागी आहे आणि त्या आवाजावरून किती वाफे शिपून झाले ते मोजायला शिकते आहे. माहेरी नळ होता. इथे पाणी ऐकू येतं, असं तिने लिहिलं होतं. सासूबाईंनी पहिल्यांदा तिला आगरात नेलं तो दिवस. रेड्याचं नाव. पाटाच्या कडेला लावलेला ओवा.

"रेड्याचं नाव मी विसरलो होतो," काका म्हणाले.

वर कुणाचं नाव आहे ते मी सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव बहुधा एकदाच, मुहूर्ताच्या पत्रिकेवर, पाहिलं होतं. "तेच राहू द्या," ते म्हणाले. "खाली कंसात आमच्याकडचं घाला."

त्यांना चौदा प्रती हव्या होत्या, ज्या ज्या घरी पुस्तक आहे त्या प्रत्येक घरासाठी एक. मी मजकूर रूपांतरित केला नाही, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, एकेक अक्षर. मग पुस्तकाच्याच मापाच्या, एक-अष्टमांश डेमीच्या पानावर, त्याच चौकटीत, तितक्याच समासाने लावला. पुस्तकात त्यांच्या शाखेची माहिती ११२ व्या पानावर संपते. म्हणून हे पान ११२-अ. ते सैल ठेवायचं की डिंकाच्या बारीक रेघेने चिकटवायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पाठीमागची अर्धी बाजू कोरी राहत होती. तिथे मी नामसूचीची पुरवणी घातली, दोनच नोंदी. काकूंच्या सासरच्या नावापुढे जुन्या सूचीत एकच आकडा होता, ८७, वंशावळीतला. त्याला आता ११२-अ जोडला. आणि खाली अकारविल्हे जिथे यायला हवं तिथे त्यांचं माहेरचं नाव, पुढे फक्त ११२-अ.